ईमेल बातमीपत्र: एचटीएमएल की साधा मजकूर?

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं संगणकाचं काम पाहणाऱ्या तरुणाने हा प्रश्न विचारलाय. दर शनिवारी सभासदांना ईमेलने बातमीपत्र पाठवायचं कंपनीत ठरलंय. त्यात केळी-कापसाचे भाव, पिकावरचा सल्ला आणि कंपनीच्या सूचना असतील. वाचणारे निम्मे गावात, मोबाईलवर. बाकीचे निम्मे नोकरीनिमित्त पुणे, नाशिक, सुरतेत, पण शेती अजून गावाकडे. एका डिझायनरने रंगीत एचटीएमएल नमुना (म्हणजे वेबपानासारखे रंग, चित्रं आणि मांडणी असलेला मेल) करून दिलाय आणि तो सगळ्यांना आवडलाय. संचालकांपैकी एक जण मात्र म्हणतात, साधा मजकूरच पाठवा, रंगीत मेल स्पॅममध्ये जातात. ऐकायचं कोणाचं? आणि जाता जाता एक छोटा प्रश्न: मेलला पीडीएफ जोडावी का?

मी जळगावात असतो. पतसंस्था, बियाणं-खतांची दुकानं, एक सराफी पेढी, एका कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ, अशांची ईमेल पत्रं तयार करून पाठवणं हे माझं गेल्या पंधरा वर्षांचं काम. उत्तर लांब होणार आहे, कारण एका ओळीत दिलेलं उत्तर कोणाच्या तरी बाबतीत चुकतंच. घाई असेल तर माझा कल आधीच सांगून टाकतो: साधंसं, एकाच रकान्याचं एचटीएमएल, आणि त्याच पत्रात स्वतः लिहिलेली साध्या मजकुराची प्रत. डिझायनरचा नमुना आहे तसा वापरू नका. संचालकांची भीतीही आहे तशी खरी नाही, पण त्यांच्या म्हणण्यात घेण्यासारखं बरंच आहे.

पत्राचं रूप पत्रात काय आहे त्यावर ठरतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सराफ नव्या पोतांचे आणि मंगळसूत्रांचे फोटो पाठवतो. तिथे फोटो म्हणजेच निरोप. साध्या मजकुरात तो काय पाठवणार? त्याला एचटीएमएलच हवं. उलट माजी विद्यार्थी संघाचे एक निवृत्त सर दर महिन्याला सगळ्यांना पत्र लिहितात. चार परिच्छेद आणि खाली नाव. ते मी वर्षानुवर्षं साध्या मजकुरात पाठवत आलोय. एकदा कार्यकारिणीच्या आग्रहावरून वर बोधचिन्ह आणि खाली रंगीत पट्टी लावली. नेहमी उलट उत्तर लिहिणारे बरेच जण त्या महिन्यात गप्प राहिले. दोघा-तिघांना विचारलं तर म्हणाले, आम्हाला ते संस्थेचं परिपत्रक वाटलं, सरांचं पत्र वाटलं नाही. पुढच्या महिन्यात पट्टी काढली. तुमचं बातमीपत्र या दोघांच्या मधलं आहे. भाव आणि सूचना यांना चित्र लागत नाही, पिकावरच्या सल्ल्याला कधी कधी लागतंच.

आता एक गैरसमज. दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं असं मुळात नाही. एका ईमेलमध्ये दोन्ही प्रती ठेवायची सोय नव्वदच्या दशकापासून आहे, तिला मल्टिपार्ट ऑल्टरनेटिव्ह म्हणतात. पाकीट एक, आत तोच मजकूर दोन कागदांवर. आधी साधी प्रत, तिच्यानंतर एचटीएमएलची. वाचणाऱ्याचं ॲप त्यातली आपल्याला दाखवता येईल अशी शेवटची प्रत उचलतं. बातमीपत्र पाठवण्याच्या बहुतेक सगळ्या सेवा हे आपोआप करतात. त्यामुळे 'एचटीएमएल की साधा मजकूर' या प्रश्नाचा तांत्रिक भाग इथेच मिटतो. उरतो तो खरा प्रश्न: तुमचा सभासद पत्र उघडून काय करतो, आणि ते पत्र त्याच्या हातून पुढे कुठे जातं?

आपल्याकडे ते व्हॉट्सॲपवर जातं. हे मला फार उशिरा कळलं. एका बियाणं दुकानदाराचं पत्र मी तीन वर्षं पाठवत होतो. दोन रकाने, डावीकडे बातम्या, उजवीकडे भावांचा तक्ता, दिसायला देखणं. एकदा अमळनेरकडच्या एका वाचकाने उलट लिहिलं, "भाऊ, भाव काय शे ते पयले सांगा." मी फोन केला. कळलं की ते दर आठवड्याला आमचा मेल उघडतात, भाव बोटाने निवडून कॉपी करतात आणि गावाच्या ग्रुपवर टाकतात. ग्रुपमधल्या बहुतेकांकडे ईमेल नाहीच. तक्ता कॉपी केला की त्याच्या रेघा जातात, रकाने मोडतात, आणि नावं एका बाजूला तर आकडे भलत्याच ओळीत जाऊन पडतात. म्हणून ते गृहस्थ दर वेळी बसून ते पुन्हा टाइप करत होते. मी ज्यांना वाचक समजत होतो ते एका अर्थी वाटप करणारे होते. खरे वाचक त्यांच्या पलीकडे होते आणि त्यांना माझं देखणं पत्र कधी दिसलंच नव्हतं.

तुमच्या बाबतीतही हेच होणार, याची मला खात्री आहे. सुरतेत कामाला असलेला मुलगा शनिवारी पत्र वाचेल आणि भावाचा तुकडा गावातल्या वडिलांना पाठवेल. म्हणून पत्राची पहिली कसोटी माझ्यासाठी ही: त्यातला कोणताही तुकडा कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला तर तो जसाच्या तसा वाचता आला पाहिजे. भाव तक्त्यात न घालता ओळीत लिहा. प्रत्येक ओळ स्वतःपुरती पूर्ण असू द्या:

रावेर, नवती केळी: अमुक रुपये क्विंटल
रावेर, पिलबाग केळी: अमुक रुपये क्विंटल
बऱ्हाणपूर, नवती केळी: अमुक रुपये क्विंटल
चोपडा, कापूस: अमुक रुपये क्विंटल

बाजाराचं नाव प्रत्येक ओळीत पुन्हा येतं म्हणून डिझायनर कुरकुर करेल. येऊ द्या. एखाद्याने फक्त तिसरी ओळ उचलली तरी तो भाव कुठला आणि कशाचा हे सोबत गेलं पाहिजे. तारीखही भावांच्या वरच, वेगळ्या ओळीत. मागच्या आठवड्याचा भाव बिनतारखेचा फिरत राहिला तर व्यापाऱ्याशी बोलताना सभासदाचंच नुकसान होतं.

साध्या मजकुरात स्पेस देऊन रकाने जुळवण्याचा नादही करू नका. इंग्रजीत टंकलेखन यंत्रासारखा सारख्या रुंदीचा फॉन्ट वापरून ते जमतं. देवनागरीत 'क्षेत्र' आणि 'मका' यांची रुंदी वेगवेगळ्या फोनवर सारखी येईलच असं नाही. तुमच्या संगणकावर सरळ दिसणारा रकाना सभासदाच्या फोनवर वाकडा होतो आणि आकडा कोणाचा हेच कळत नाही.

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबतो. याबाबतचे बहुतेक सल्ले इंग्रजी पत्रांसाठी लिहिलेले असतात आणि मराठीत नेमके तिथेच आपण फसतो.

सगळ्यात आधी युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला संकेत देणारी, सगळीकडे चालणारी पद्धत. छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर अजूनही बरेचदा श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला असतो. तो संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा देतो. हा मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोरच्याकडे तो फॉन्ट नसल्याने निव्वळ गिचमीड दिसते. एचटीएमएल असो वा साधा मजकूर, दोन्हींत हेच. तुमच्या संगणकावर फॉन्ट असल्यामुळे तुम्हाला मात्र सगळं छान दिसतं, आणि म्हणूनच चूक पाठवल्यावर कळते. वार्षिक अहवालातला किंवा पत्रिकेतला मजकूर घेताना आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग एकदा वाचूनही घ्या. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

दुसरं, वजन. एचटीएमएलचा आकार साधारण १०२ केबीच्या वर गेला की जीमेल पत्र मध्येच कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पाहा' अशी लिंक देतं. इंग्रजी पत्राला ही मर्यादा सहसा जाचत नाही. पण युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे 'केळी' हा दोन अक्षरी शब्द चार चिन्हांचा, १२ बाइटांचा. त्यात काही टेम्प्लेट एडिटर प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी सात अक्षरांचा अंकी संकेत घालतात. मग तोच शब्द २८ बाइटांचा होतो. वर डिझायनरच्या एकात एक बसवलेल्या तक्त्यांचा कोड. मजकूर दोन पानांचाच असतो आणि पत्र कापलं जातं. कापलेल्या भागात बहुधा शेवटची सूचना असते आणि 'पत्र नको असल्यास' ही लिंकही तिथेच असते. ती सापडली नाही की माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो. तुमच्या डिझायनरच्या नमुन्याचं वजन आत काहीही मजकूर नसताना किती आहे, हे त्याला आजच विचारा.

तिसरं, अक्षराचं रूप. वेबवरून खास मराठी फॉन्ट मागवून पत्रात दाखवायची युक्ती ॲपलच्या मेल ॲपमध्ये चालते, जीमेलमध्ये चालत नाही. आपल्याकडे जवळपास सगळे अँड्रॉइड फोन आणि जीमेल वापरतात. तेव्हा फोनचाच फॉन्ट येऊ द्या, तो वाचायला चांगला असतो. इंग्रजी मथळ्यांत शोभा म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द पावट्यांसारखे सुटे होतात. ते अजिबात नको. तिरपी अक्षरं नकोत. अक्षराचा आकार १७-१८ पिक्सेल आणि ओळींतलं अंतर दीडपटीपेक्षा थोडं जास्त ठेवा, म्हणजे वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना घासत नाहीत. केळीच्या बागेत उन्हात उभं राहून फोन पाहणाऱ्यासाठी मी पांढऱ्यावर काळं सोडून दुसरा रंग मजकुराला वापरत नाही.

चौथी गोष्ट छोटी आहे, पण रोज नडते. मराठीत आपण शब्दाला प्रत्यय चिकटवतो. वेबपत्ता लिहून लगेच 'वर' किंवा 'ला' जोडलं की साध्या मजकुरात ते प्रत्ययही पत्त्याचा भाग समजले जातात आणि लिंक उघडत नाही. पत्ता नेहमी स्वतंत्र ओळीत, मागेपुढे काही न चिकटवता. पत्त्यात मराठी अक्षरं असतील तर कॉपी करताना एकेका चिन्हाची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि टक्क्यांच्या खुणांची चार ओळींची माळ दिसायला लागते. पत्ता रोमन अक्षरांत आणि छोटा ठेवा.

आता संचालकांची शंका. एचटीएमएल आहे म्हणून पत्र स्पॅममध्ये जात नाही आणि साधा मजकूर आहे म्हणून त्यातून सुटतही नाही. बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत रोजचे मेल एचटीएमएलच असतात. स्पॅम वेगळे काढणारी मेलसेवेची गाळणी प्रामुख्याने पाहते की पाठवणारा खरंच तोच आहे का, आणि लोक त्याच्या पत्रांवर तक्रारी करतात का. पहिल्यासाठी तुमच्या डोमेनवर, म्हणजे ईमेल पत्त्यातल्या @ च्या पुढच्या नावावर, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी हव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रं पाठवणाऱ्यांना त्या बंधनकारक केल्या. गुगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० च्या वर जीमेल खात्यांना पाठवणारे ते मोठे. एका टिचकीत नाव काढण्याची सोय आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली, हेही त्यातच आलं. तुमची यादी तेवढी मोठी नसली तरी पहिल्या दिवसापासून हे करून ठेवा. आणि कंपनीच्या नावाने काढलेला फुकटचा जीमेल पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी घालून बाहेरच्या सेवेतून पत्रं पाठवू नका. सेवा गुगलची नाही आणि पत्ता गुगलचा, ही विसंगती गाळणीला लगेच दिसते. स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाचा खर्च फवारणीच्या एका बाटलीएवढा.

तरीही संचालकांचं निरीक्षण चुकीचं नसावं. त्यांनी स्पॅममध्ये गेलेले जे रंगीत मेल पाहिले असतील ते बहुधा एकच मोठं चित्र असलेले असतील. अक्षर एकही नाही, सगळं चित्रात. तशा मेलवर गाळणी संशय घेते. माणसालाही त्यांचा उपयोग होत नाही, आणि हे मी स्वतः करून बसलोय. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेची सूचना छापखान्याकडून जेपीजी स्वरूपात आली. वेळ कमी होता. मी तीच मेलमध्ये घालून पाठवून दिली. ज्यांच्या कार्यालयातल्या आउटलुकमध्ये बाहेरची चित्रं आपोआप उघडत नाहीत त्यांना रिकामी चौकट दिसली. त्याहून मनाला लागलं ते दुसरंच. सभासदांत एक निवृत्त शिक्षक होते. त्यांची दृष्टी गेलेली आणि फोन त्यांना मेल वाचून दाखवायचा. फोनने त्यांना फक्त 'इमेज' एवढंच सांगितलं. सभेची तारीख त्यांना कोणाकडूनच कळली नाही. त्यांनी मला फोन केला तेव्हा आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, अक्षरं पाठवली असती तर मी वाचलं असतं.

त्या दिवसापासून माझ्या कोणत्याही पत्रात तारीख, भाव, ठिकाण, फोन नंबर चित्रात नसतो. चित्र असेल तर त्याचं वर्णन कोडमध्ये लिहिलेलं असतं. आणि एचटीएमएलच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याची खूण असते, म्हणजे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकतं. तुमच्या सभासदांतही असं कोणी असेल. नसेल तरी चित्रातली अक्षरं शोधात सापडत नाहीत. सहा महिन्यांनी 'ठिबक अनुदान' शोधणाऱ्याला तुमचं पत्र मिळायला हवं.

मग एचटीएमएल हवंच कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण पिकाचा सल्ला. कापसाच्या फुलात गुलाबी बोंडअळी शिरली की पाकळ्या नीट उमलत नाहीत, फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. हे मी शब्दांत सांगितलं, पण ज्याने कधी पाहिली नाही तो शेतात जाऊन ओळखेलच असं नाही. एक फोटो दाखवा, ओळखेल. केळीवरचा करपा आणि सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस हा विषाणूचा रोग) यांचंही तसंच. करप्याचे डाग रेघांसारखे सुरू होतात आणि वाळत पसरतात. सीएमव्हीत पानावर पिवळट पट्टे उमटतात, आणि झाड उपटून नष्ट करण्याची वेळ येते. दोन्हींवरचं काम एकदम वेगळं. एकात औषध, दुसऱ्यात झाड काढणं आणि मावा आवरणं. तिथे चुकीचा अंदाज महागात पडतो. अशा वेळी दोन स्पष्ट फोटो शेजारी न ठेवता एकाखाली एक, प्रत्येकाच्या खाली एका वाक्यात काय पाहायचं ते. तुमच्या पत्रात एचटीएमएलची खरी गरज इतकीच आहे आणि ती फार मोलाची आहे. डिझायनरने वरच्या पट्टीत टाकलेल्या हिरव्या शेताच्या फोटोपेक्षा हे दोन फोटो कितीतरी जास्त कामाचे. आणि ते आपल्याच शिवारातले घ्या, कृषी खात्याच्या माणसाकडून खात्री करून.

फोटो लहान करून घाला. फोनमधून निघालेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. ८०० पिक्सेल रुंदीला आणून दाबला तर शंभर केबीच्या आसपास बसतो आणि डाग तरीही स्पष्ट दिसतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत नेटवर्क एका दांडीवर चालतं. तिथे पत्राची अक्षरं आधी यावीत आणि फोटो मागून आले तरी चालावं.

एचटीएमएल घ्यायचं आणखी एक कारण लोक देतात, किती जणांनी पत्र उघडलं ते कळतं म्हणून. त्यावर फार भरवसा ठेवू नका. उघडल्याची नोंद पत्रात लपवलेल्या एका बिंदूएवढ्या चित्रावरून होते, म्हणून ती साध्या मजकुरात मिळत नाही हे खरं. पण जीमेल २०१३ पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवतं आणि ॲपलने २०२१ मध्ये असं केलं की माणसाने पत्र उघडो न उघडो, चित्र आधीच उतरवून ठेवलं जाऊ शकतं. आकडा मिळतो, पण तो माणसांचाच असेल असं नाही. संचालक मंडळाला दाखवायला आलेल्या उत्तरांची संख्या सांगा, फोन किती आले ते सांगा. माझ्या पत्रांत शेवटच्या ओळीत एक थेट प्रश्न असतो: तुमच्याकडे या आठवड्यात पाऊस झाला का? कापणी सुरू झाली का? लोक दोन शब्द उत्तर देतात. त्यातून पत्र पोचतंय हेही कळतं, आणि वाचणाऱ्याने उत्तर दिलेल्या पत्त्याकडून आलेली पुढची पत्रं इनबॉक्समध्ये यायला मदतही होते.

इथवरचं एकत्र धरलं तर तुमच्या पत्राचा सांगाडा असा होतो: वर कंपनीचं नाव अक्षरांत, चित्रात नाही. मग तारीख आणि भाव ओळींत. त्याखाली सल्ला, गरज असेल तेव्हाच फोटो. मग सूचना. शेवटी प्रश्न, फोन नंबर आणि नाव काढायची लिंक. रकाना एकच. बटण हवं असेल तर तेही अक्षरांचं. डिझायनरच्या नमुन्यातून त्याने निवडलेला एक रंग आणि मथळ्यांची मांडणी ठेवा, त्याच्या कष्टाचं तेवढं नक्की घेण्यासारखं असतं. गोल कोपरे आणि पार्श्वभूमीची चित्रं काढा. विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७ पासून वर्डच्या यंत्रणेने पत्र दाखवतं आणि तिथे या गोष्टी टिकत नाहीत. पुण्यातल्या कंपन्यांत बसलेल्या तुमच्या सभासदांपुढे नेमकं तेच आउटलुक असण्याची शक्यता आहे. बोधचिन्ह पारदर्शक पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांचं असेल तर त्याला पांढरी चौकट द्या, नाहीतर फोनच्या डार्क मोडमध्ये ते गायब होतं.

साध्या मजकुराची प्रत मात्र सेवेवर सोडू नका. ती एचटीएमएलमधून आपोआप तयार होते आणि बहुतेक वेळा वाचवत नाही. मध्येच चित्रांची नावं, कंसातल्या लांबलचक लिंका, तीनदा तोच पत्ता. खरं सांगायचं तर ही प्रत प्रत्यक्ष पाहणारे थोडेच असतील, कारण जीमेल एचटीएमएलच दाखवतं. तरी मी ती आधी लिहितो, एचटीएमएलच्याही आधी. कारण ती लिहिताना लपायला जागा नसते. सूचना अस्पष्ट असेल तर लगेच दिसते, भाव तळाशी गेलेत हे कळतं. ती वाचून समाधान झालं की मगच तिला एचटीएमएलचे कपडे घालतो. आणि तीच प्रत व्हॉट्सॲपसाठी तयार असते. सुरतेतल्या मुलाला कॉपी करायची वेळच येऊ देऊ नका, पत्राच्या तळाशी 'ग्रुपवर पाठवण्यासाठी' म्हणून तिची लिंक द्या. ही प्रत टाइप करताना ओळीच्या शेवटी एंटर मारू नका, परिच्छेद संपला की मगच मारा. नाहीतर छोट्या पडद्यावर एक ओळ लांब, एक ओळ दोन शब्दांची, असा कंगवा तयार होतो.

काही वेळा मात्र फक्त साधा मजकूर पाठवा, एचटीएमएल काढूनच टाका. गारपिटीनंतर पंचनाम्यासाठी नाव कधीपर्यंत द्यायचं, खरेदी केंद्र उद्या बंद आहे, काट्यावर आज गर्दी आहे, अशा तातडीच्या गोष्टी. चार ओळी, खाली माणसाचं नाव आणि फोन. नेहमीचं शनिवारचं पत्र वेगळं दिसतं आणि हे वेगळं दिसतं, हाच त्याचा फायदा. लोकांना बघताक्षणी कळतं की हे आत्ता वाचायचंय. म्हणूनच ते जपून वापरा. सभासद नोंदणीच्या आठवणीसाठी असं पत्र दोनदा पाठवलं की गारपिटीच्या वेळी कोणी धावून उघडणार नाही.

पाठवण्याआधी चार ठिकाणी पाहा: एक साधा अँड्रॉइड फोन, एक आयफोन, कार्यालयातलं आउटलुक, आणि चित्रं बंद केलेलं जीमेल. चौथ्यावर पत्र समजलं तर बाकीचं जुळवता येतं. मग त्याच फोनवरून भावाच्या दोन ओळी कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करून बघा.

राहिली पीडीएफ. दर आठवड्याला जोडू नका. फोनवर ए-४ पान बोटांनी मोठं करत, डावी-उजवीकडे सरकवत वाचावं लागतं. ती उतरवायला डेटा जातो, आणि पीडीएफ जोडली की लोक मेलमध्ये 'सोबतची पीडीएफ पाहावी' एवढंच लिहायला लागतात. वार्षिक अहवाल, सभेची अधिकृत सूचना, अनुदानाचा अर्ज, ज्याची छापील प्रत लागणार आहे त्याची पीडीएफ जरूर द्या, पण लिंक म्हणून. आणि त्यातली तारीख, वेळ, ठिकाण, लागणारी कागदपत्रं मेलमध्ये अक्षरांत पुन्हा लिहा.